येसूला शोधायला निघालेले ढोल

रानाला लागून असलेल्या एका गावात एक बुरूड आणि त्याची धाकटी बहीण येसू असे दोघे राहत. येसू वीस वर्षांची होती. सुपं, टोपल्या विणण्यात दिवसभर रमायची, बोलायची कमी. मोठा आवाज मात्र तिला मुळीच सोसायचा नाही. भांडं पडलं तरी ती कान गच्च झाकायची आणि जागच्या जागी डुलत राहायची. "नाटकं आहेत सगळी!" असं लोक म्हणायचे. गावाचं तोंड कोण धरणार!

एकदा पाटलाच्या घरी लग्न निघालं. मांडवात ढोल सुरू झाले तसे येसूने कान झाकले. पाटील मनाने वाईट नव्हता, पण आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटे.

"सवय झाली की जाईल हे खूळ," असं म्हणत त्याने तिचे हात कानांवरून ओढले आणि तिला ढोलापुढे उभं केलं. लोक हसले. येसू किंचाळली, तिने हात सोडवून घेतले आणि ती रानाकडे धावत सुटली.

आता त्या गावाची एक रीत होती. रानात कोणी हरवलं की सगळ्यांनी ढोल, थाळ्या बडवत शोधायला जायचं. आवाजाने बिबट्या पळतो आणि चुकलेला माणूस आवाजाच्या रोखाने परत येतो. आजवर कितीतरी जण असे सापडले होते. म्हणून गाव ढोल घेऊनच निघालं.

बुरूड बांबू तोडायला गेला होता. आवाज ऐकून तो धावत आला, तेव्हा येसू रानात पळाल्याचं त्याला कळलं.

"पाटील, ढोल थांबवा!"

"वेडा आहेस का? दिवस कलतोय. बिबट्या आला म्हणजे?"

"बिबट्याचं नंतर बघू. ती आवाजाला भिते हो!"

"बापजाद्यांची रीत आहे. वाजवा रे!"

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "ती बघा!" येसू कड्यावर उभी होती. मागे खोल दरी. ढोल घुमला, ती एक पाऊल मागे सरली. लोक आणखी जोरात बडवू लागले, ती आणखी एक पाऊल सरली. तिच्या टाचेखालचा दगड निसटून दरीत गेला.

पाटलापुढे पेच पडला. रीत मोडावी तर जनावराची भीती, पाळावी तर पोर जाते. ती कोणापासून मागे सरकतेय, हे आता त्याला समोर दिसत होतं.

"बंद करा!" तो म्हणाला. एकाने ढोल बडवायचं टिपरू पुन्हा उचललं, तर पाटलाने त्याचा हातच धरला.

रान शांत झालं. बुरूड हळूहळू पुढे गेला आणि तिच्यापासून दहा हातांवर बसला. हाक मारली नाही, तिच्याकडे रोखून पाहिलंही नाही.

"अरे, धर ना तिला!" पाटील कुजबुजला.

"धरायला गेलो तर जाईल खाली. थांबा."

थांबणं फार अवघड असतं हो! बायकांनी तोंडात पदर धरले. झाडांच्या सावल्या लांबत गेल्या. बऱ्याच वेळाने येसूचे हात कानांवरून खाली आले. ती एकेक पाऊल टाकत आली आणि भावाशेजारी बसली.

पाटलाचे डोळे भरून आले. तो लांबूनच, हलक्या आवाजात म्हणाला, "चुकलो गं बाई. पण आम्ही सगळे तुलाच बोलवायला आलो होतो. मग आली का नाहीस?"

येसू जमिनीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही मला हाकलताय."

ढोल खांद्यावर घेऊन सारं गाव मुकाट्याने घरी आलं.

तात्पर्य काय, तर ज्याला मदत करायची त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे आधी समजून घ्यावं. नाहीतर मायेने मारलेली हाकसुद्धा माणसाला कड्याकडे ढकलते.