मक्याच्या धाटातला आवाज

झाडंवेली एकमेकांना नावानं हाक मारत, तेव्हाची ही गोष्ट. तानूआजीच्या परसात एकाच आळ्यात मका आणि वाल उगवले. मका थोरला, आणि वाल त्याच्याच अंगावरून वर चढलेला. उन्हाळा संपता संपता मका वाळून मेला, पण वालानं विळखा काही सोडला नाही.

आजी परस आवरायला आली. तिनं भेंडी उपटली, मिरचीची रोपं चुलीसाठी रचली. "वालाच्या शेंगा बियाण्याला हव्यात. पावसात भिजल्या तर कुजून जातील," ती म्हणाली. वालानं शेंगा पानांखाली दडवल्या. कारण दोन दिवस त्या मेलेल्या धाटातून आवाज येत होता, "बाळा, मला सोडू नकोस. शेंगाही देऊ नकोस."

शेजारचा दोडका म्हणाला, "मका तुला बाळा कधी म्हणायला लागला?"

वालाला आठवलं. मका त्याला लोंबत्या म्हणायचा, दिवसभर खेकसायचा. वालानं धाटाला हळूच म्हटलं, "दादा, एकदा मला शिवी दे."

"तू तर माझा लाडका, बाळा," आतून आवाज आला.

वालाच्या पानापानावर काटा आला. त्यानं विळखा सोडला. धाट कडकन मोडलं, आणि आतल्या पोकळीत एक गुबगुबीत अळी वळवळताना दिसली. आवाज तिचाच होता; तिला धाटाचं घर उभं हवं होतं आणि खायला शेंगा.

आजीनं शेंगा खुडून ओच्यात घेतल्या. वाल मोडक्या धाटाला टेकून ऐकत राहिला. आतून कुणी बोललं नाही. दादा गेला, हे त्याला तेव्हा कळलं.