पाटकऱ्याची परीक्षा

फार जुन्या काळी, डोंगरांना नावंसुद्धा पडली नव्हती तेव्हा, एका गावावर परक्या राजाचं सैन्य चालून आलं. गावचा राजा रानात शिरून लढत राहिला. परक्यांची छावणी पडली ती गावाखाली, पाटाच्या अगदी शेवटाला.

गावात एक म्हातारा पाटकरी होता. धरणातलं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं, हे त्याचं चाळीस वर्षांचं सरकारी काम. रीत एकच. पाणी आधी शेवटच्याला, मग वर वर सगळ्यांना. कारण पाटाच्या तोंडाशी बसलेला कधी तहानेनं मरत नाही.

एक दिवस सरकारी माणसांची निष्ठा तपासायला परक्या राजाचा तपासनीस आला. मिशा इतक्या लांब, की तो वळायच्या आधी मिशा वळत. गावच्या कारकुनानं असा जयजयकार केला, की झाडावरचे कावळे बहिरे झाले. पाटकऱ्यानं नुसता रामराम घातला.

"काय रे म्हाताऱ्या, तू कोणाचा माणूस?"

"आज बुधवार ना सरकार? आज मी कुंभाराच्या मळ्याचा."

तपासनीस हसला नाही. त्यानं आपलाच शिपाई रानातल्या राजाचा स्वार बनवून पाठवला.

"आजोबा, आपल्या राजाचे घोडे तहानलेत. पाळी मोडा!"

"महाराजांना मुजरा सांग, लेकरा. पाळी शुक्रवारी."

तपासनिसानं मांडीवर थाप मारली. "हा तर आपलाच!" मग तो स्वतः गेला. "माझ्या वरच्या बागेतला तलाव भर. आत्ता!"

"तुमच्याही महाराजांना मुजरा, सरकार. पाळी शुक्रवारी."

झालं! पाटकऱ्याची नोकरी गेली, तो चावडीत कोंडला गेला, आणि धरणाच्या दारांच्या किल्ल्या कारकुनाकडे आल्या. कारकुनानं आधी तपासनिसाचा तलाव भरला, मग आपला ऊस, मग सासऱ्याचा ऊस, मग सासऱ्याच्या म्हशींचं डबकं. खाली काही उतरेचना. आठव्या दिवशी छावणीतले शिपाई कोरडं पीठ फुंकत बसले आणि हत्ती एकमेकांच्या डोळ्यांतलं पाणी पिऊ लागले.

तपासनीस धावत चावडीवर आला. मिशा पार खाली लोंबत होत्या. "आजोबा, परीक्षा गेली खड्ड्यात! किल्ल्या घ्या, पाणी सोडा!"

"सोडतो की. आधी तुमच्याच छावणीला, रीतच आहे ती. पण पोचायला तीन दिवस लागतील, सरकार. वाळलेला पाट आधी स्वतः पितो."

तीन दिवस थांबायला हत्ती काही सरकारी नोकर नव्हते. त्यांनी साखळ्या तोडल्या आणि आपल्या मुलखातल्या नदीकडे धूम ठोकली. हत्तींमागे सैन्य, सैन्यामागे तपासनीस. सगळ्यांत शेवटी कारकून, घसा बसला तरी जयजयकार करत!

गावानं पाटकऱ्याला खांद्यावर घेऊन धरणापर्यंत मिरवलं. तिसऱ्या दिवशी पाटाच्या शेवटच्या वावरात पाणी खळखळलं, आणि रानातला राजा वाजतगाजत परत आला.

तात्पर्य: जयजयकार ऐकून जो माणूस निवडतो, तोच आधी तहानेनं मरतो.