लॅपटॉपवरचं बोट

"पण महाराज, नेट तर मी दिलं होतं ना?"

श्रीरंगचा आवाज चढला होता. मठाचे गुरू भीमबुवा कचेरीत लॅपटॉपपुढे मांडी घालून बसले होते. एक बोट कळफलकाखालच्या गुळगुळीत पट्टीवर.

दारात हौसाबाई उभी. मठात स्वयंपाक करते. हातात फोन, तोंडात पदराचा बोळा.

सकाळी तिच्या लेकीला तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी आत नेलं. मूल आडवं होतं. डोंगरावर फोनला रेंज नाही, लॅपटॉपला मात्र वायरीने नेट येतं. श्रीरंगने ते तिच्या फोनला जोडून दिलं. शहरातली मोठी नोकरी सोडून आलेला गडी. दोन मिनिटांत जोडलं आणि ध्यानाला जाऊन बसला. आज त्याला दीक्षा मिळायची होती.

लॅपटॉपला कोणी हात लावला नाही, तसा तो झोपला. नेट गेलं. हौसाबाईने ध्यानाच्या खोलीपाशी दोनदा हाक मारली. श्रीरंगने डोळे न उघडता हातानेच थांबवलं.

मग बुवा उठले. जन्मात त्या यंत्राला शिवले नव्हते. बोट लावलं. पडदा उजळला. फोनला नेट आलं आणि व्हॉट्सॲपवर जावयाचे तीन चुकलेले कॉल दिसले. तिने उलट लावला... तो उचलेना.

"ध्यानात काय दिसलं?" बुवांनी विचारलं.

"प्रकाश, महाराज."

"हं. इथं अंधार होता."

श्रीरंग ओशाळला. "झोपू नये अशी सेटिंग असते. करायची राहिली." वाकून त्याने ती केली. "आता नाही झोपणार. बोट काढा."

बुवांनी काढलं नाही.

"बुवा, परत लावू का?" हौसाबाईने विचारलं.

"लाव."

फोन लागला. पलीकडे वाजत राहिला... बंद झाला.

भात करपल्याचा वास आला. कोणी उठलं नाही.

"महाराज," श्रीरंग हळूच म्हणाला, "आज दीक्षा देणार होतात..."

तेवढ्यात फोन वाजला. जावई.

हौसाबाईने फोन श्रीरंगपुढे धरला. "तुम्हीच ऐका हो दादा. मला नाही धीर."

"मी? मी काय..." तो एक पाऊल मागे सरला. बुवांकडे पाहू लागला.

फोन वाजत होता.

बुवांनी आता बोट उचललं. फोनकडे केलं.

"दीक्षा हवी ना? घे."