श्वेतसानूची पेरणी

पूर्वी काशीच्या गादीवर वज्रबाहू राजा होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच नगरातल्या एका सार्थवाहाच्या घरी जन्मला. त्याचे नाव गोमित्र ठेवले. त्याचे घराणे तीन पिढ्यांपासून खेचरांचा तांडा घेऊन हिमवंताच्या डोंगरांत जात असे. मीठ आणि कापड वर न्यायचे, लोकर, मध आणि औषधी मुळ्या खाली आणायच्या, असा त्यांचा व्यापार होता.

आठव्या वर्षी गोमित्र पहिल्यांदा वडिलांबरोबर वर गेला. चढणीच्या वाटेवर एकावर एक अशी तीन गावे होती. सर्वांत वरचे श्वेतसानू. त्याच्या पलीकडे वस्ती नव्हती, फक्त बर्फ होते. त्या गावात रोहक नावाचा गृहस्थ पेरणीची वेळ सांगत असे. वसंतात समोरच्या डोंगरावरचे बर्फ वितळू लागले की मधोमध एक पांढरा पट्टा उरे. तो बारीक होत होत एके दिवशी हुबेहूब एका पायावर उभ्या राहिलेल्या बगळ्यासारखा दिसे. मग रोहक अंगणातून हाक देई, "बगळा उभा राहिला रे!" आणि सारे गाव जवाच्या टोपल्या घेऊन शेतात उतरे. त्या हाकेआधी कोणी मूठभरही बी टाकत नसे.

तो वसंत गोमित्राच्या मनात कायमचा राहिला. ओल्या मातीचा वास, पेरणाऱ्या बायकांची गाणी, चमरी गाईच्या लोण्याचा गोळा घातलेली जवाची पेज. काशीतल्या उन्हाळ्यात दुपारी अंगाची लाही होई, तेव्हा तो डोळे मिटून श्वेतसानूच्या शेतांच्या पायऱ्या आठवत पडून राही.

पुढे वडील वारले. समुद्राकडच्या वाटांचा व्यापार वाढला. डोंगराकडची वाट गोमित्राने कुंभील नावाच्या भागीदारावर सोपवली आणि वीस वर्षे त्याचे वर जाणे झाले नाही. चाळिशी उलटल्यावर मात्र त्याला राहवेना. एका वसंतात तो स्वतः कुंभीलाच्या तांड्याबरोबर निघाला.

श्वेतसानूला पोहोचला तेव्हा त्याला वाटले, आपण वाट चुकलो. जिथे हिरवे जव डोलत असत त्या पायऱ्यांवर मंजिष्ठेच्या वेली पसरल्या होत्या. काशीत लाल वस्त्रांची हौस वाढली होती, आणि मंजिष्ठेच्या लाल रंग देणाऱ्या मुळ्या कुंभील चांगल्या भावाने घेत होता. म्हणून गावाने जव मोडून मंजिष्ठा लावली होती. जवाची चार-पाच शेते तेवढी उरली होती आणि त्यांतले कोंब काळे पडून आडवे झाले होते. समोरच्या डोंगरावर बर्फाचा मागमूस नव्हता.

रोहक आता सत्तरीचा झाला होता. तो त्या जळलेल्या शेताच्या बांधावर बसला होता. गोमित्राने पाया पडून आपली ओळख सांगितली. म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिले.

"तू तो! बगळा उडून का जात नाही, असं विचारणारा पोर." तो किंचित हसला. मग म्हणाला, "आता उडतो बाबा. महिनाभर आधी येतो. मी हाक देतो, लोक पेरतात, कोंब वर येतात, आणि मागून थंडीचा कडाका पडून सगळं जळून जातं. चार वर्षं झाली. माझ्या आज्याशी बगळा कधी खोटं बोलला नाही. माझ्याशीच का बोलतो?"

गोमित्र त्याच्या शेजारी बसून राहिला.

संध्याकाळी कुंभील त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "दक्षिणेच्या बेटांवरून पतंग नावाच्या झाडाचं लाकूड यायला लागलंय, हे तुलाही ठाऊक आहे. तोच लाल रंग आणि निम्म्याहून कमी भाव. वर्षभरात मंजिष्ठेला कोणी विचारणार नाही. इथं अजून कुणाला कळलेलं नाही. 'भाव वाढवून देतो, पण मोल पुढच्या खेपेला,' असं सांगून यंदाची सगळी मुळं उचलू. बातमी पसरायच्या आत विकून टाकू. पुन्हा हा चढ चढायला नको."

"आणि यांचं काय?"

"यांचं यांनी बघावं. आपण काय यांचे आईबाप?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमित्राने गावाला पिंपळपारासारख्या त्यांच्या दगडी चौथऱ्यावर जमवले आणि पतंगाच्या लाकडाची सगळी हकीकत सांगितली. "उरलेल्या शेतांत मंजिष्ठा लावू नका," तो म्हणाला. "पोटापुरतं धान्य आधी पेरा."

लोकांत कुजबूज झाली. रोहक काठी टेकून उठला. "मालाला नावं ठेवणारे व्यापारी मी पुष्कळ पाहिलेत," तो म्हणाला. "भाव पाडायचा असला की असंच बोलतात. तुझा बाप असं करत नव्हता, गोमित्रा."

बापाचे नाव निघाल्यावर गोमित्राच्या डोळ्यांत पाणी आले. पण त्याचा आवाज चढला नाही. तो म्हणाला, "काका, भाव पडणार म्हणून मी कमी देत नाही. यंदाची सगळी मुळं आजच्याच भावानं घेतो, आणि आत्ता मीठ-कापड मोजून देतो. बुडालं तर माझं बुडेल."

कुंभीलाने तिथल्या तिथे भागीदारी मोडली आणि आपली खेचरे घेऊन तो उतरून गेला. गोमित्राने बोलल्याप्रमाणे माल घेतला. काशीत पोहोचेपर्यंत भाव कोसळला होता. मंजिष्ठेची पोती त्याच्या कोठारात पडून सडली आणि नगरातले व्यापारी त्याला हसले.

दुसऱ्या वसंतात श्वेतसानूला एकही व्यापारी आला नाही. फक्त गोमित्र आला. मंजिष्ठेच्या वेली शेतात होत्या, पण त्या काही खाता येत नाहीत. बियाण्याचे जव लोकांनी हिवाळ्यात दळून खाल्ले होते. गोमित्राने गंगाकाठचे उत्तम जव बियाण्यासाठी बरोबर आणले होते. लोकांनी मोठ्या आशेने ते पेरले. पीक कमरेएवढे वाढले, आणि दाणा भरण्याच्या सुमारास डोंगरावरून वारा सुटला तो तीन दिवस थांबला नाही. उंच, नाजूक ताटे सगळी भुईसपाट झाली.

गोमित्र पुन्हा त्याच चौथऱ्यावर उभा राहिला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "डोंगरावर काय टिकेल हे मी नदीकाठी बसून ठरवलं. तुम्हाला विचारलं नाही."

तेव्हा बायकांमधून रोहकाची सून तिष्या पुढे आली. ती खालच्या गावातून लग्न होऊन वर आलेली. ती म्हणाली, "मामंजी, रागावू नका. दहा वर्षांपूर्वी माझ्या माहेरी जशी हवा होती, तशी आता इथं आहे. तिथं राळे होतात. बुटके असतात, वाऱ्याला पडत नाहीत. बी माझ्या भावाकडे आहे."

श्वेतसानूत 'राळेखाऊ' ही शिवी होती. खालच्या गावच्या लोकांना वरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच म्हणत आले होते आणि आपण जव खातो याचा त्यांना अभिमान होता. तिष्येलाही लग्नानंतर पहिली कित्येक वर्षे तो शब्द ऐकावा लागला होता. आता त्या खालच्या लोकांच्याच दारात बी मागायला कोण जाणार?

गोमित्र म्हणाला, "मी जातो."

"तू नको." रोहक म्हणाला. "तू गेलास तर ते बी व्यापाऱ्याचं होईल. मीच गेलं पाहिजे." मग त्याने सुनेकडे पाहिले. "माझ्याबरोबर चल. मला तुझ्या भावाशी कसं बोलावं कळायचं नाही."

ते दोघे पुढे आणि गोमित्र मागे, असे तिघे खाली उतरले. तिष्येच्या भावाने रोहकाला दारात पाहिले. त्याने घोंगडी अंथरली, राळ्याचा भात वाढला. रोहकाने आयुष्यात पहिल्यांदा तो भात खाल्ला. अर्धा झाल्यावर म्हणाला, "आमच्या पोरांनी तुम्हाला याच्यावरून नावं ठेवली. मीही ठेवली. बरा लागतो की." भावाने बियाण्याच्या चार टोपल्या दिल्या. त्याच्या बदल्यात त्याने काही मागितले नाही. एवढेच म्हणाला, "आमच्याकडे आता राळेही करपू लागलेत. त्याच्याही खालच्या गावात काय पिकतं ते आम्हाला विचारायला हवं."

हे ऐकल्यावर काय करायचे ते गोमित्राला कळले. त्या वर्षापासून तो तीन गावांमध्ये हिंडू लागला. एका गावचे बी तो वरच्या गावात नेई आणि तिथल्या म्हाताऱ्यांना आधी विचारून मगच ते पेरायला सांगे. श्वेतसानूत तो तीन वसंत राहिला. रोज सकाळी तो आणि रोहक बांधावर बसत, मातीत हात घालून पाहत, भूर्जाला पालवी कधी फुटते ते ध्यानात ठेवत.

"तुमच्या आज्याला तरी बगळा कुणी सांगितला होता?" गोमित्राने एकदा विचारले. "ते असेच बसून पाहत असतील."

"आज्याजवळ बर्फ होतं पाहायला," रोहक म्हणाला.

मग दोघांनी मिळून ठरवले की एका दिवसावर सगळे बी टाकायचे नाही. एक वाटा बगळा दिसेल तेव्हा, दुसरा पंधरवड्याने, तिसरा भूर्जाला पालवी आल्यावर. कडाका पडला तरी एखादा वाटा वाचे. उंचावरच्या, अजून थंड असलेल्या पडीक उतारांवर त्यांनी जव पेरले. त्यासाठी एका गुराख्याच्या घरात जुन्या जवाचे एक मडके सापडले होते. गावाशेजारी आता जर्दाळू येऊ लागले होते. पूर्वी ते थंडीने तिथे धरत नसत. बायकांनी ते वाळवायला घेतले. गोमित्राने विकत घेणारे चार वेगवेगळे व्यापारी गाठून दिले आणि तिष्येला सांगितले, "एकाच्याच भरवशावर पुन्हा शेत मोडू नका. मग तो मी असलो तरी."

एका संध्याकाळी रोहक उघड्या, काळ्या डोंगराकडे पाहत होता. त्याच्या गालावरून अश्रू ओघळत होते. गोमित्र म्हणाला:

ऋतू सोडून गेला वाट, त्याला हाका किती द्याव्या?
मूठ बियांची घेऊन हाती, नव्या पायऱ्या बांधून घ्याव्या.

"बांधल्या की," रोहक म्हणाला. "पोरं जेवतात, मला दिसतं. पण ते बर्फ फार सुंदर होतं रे."

"होतं," गोमित्र म्हणाला. "मीही पाहिलंय." आणि अंधार पडेपर्यंत ते दोघे त्या बर्फाविषयीच बोलत राहिले.

चौथ्या वसंतात रोहक अंथरुणाला खिळला. पेरणी कोण सांगणार, हे विचारायला गावातले कर्ते पुरुष त्याच्याकडे आले. प्रत्येकाला वाटत होते, आपल्याच घराचे नाव निघेल. रोहकाने सुनेला हाक मारली. "तिष्ये, माती कशी आहे?"

"वरून कोमट, मामंजी. खाली बोटभर अजून गार आहे. मी असते तर आठ दिवस थांबले असते."

"मग आठ दिवस थांबा," रोहक त्या पुरुषांना म्हणाला. "आणि आठ दिवसांनी हाक ती देईल."

त्यांच्यापैकी एकजण पुटपुटला, "खालच्या गावची बाई?"

"हो," रोहक म्हणाला, "तिथूनच तर आपलं अन्न आलंय." त्यानंतर तो दोन दिवस जगला. आठव्या दिवशी तिष्येने अंगणातून हाक दिली आणि गाव पेरायला निघाले. गोमित्रही टोपली घेऊन त्यांच्यात होता. तो पुढे काशीचा मोठा श्रेष्ठी झाला नाही. त्याचे उरलेले आयुष्य त्या चढणीवर गेले आणि तो आपल्या कर्माप्रमाणे पुढच्या जन्माला गेला.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवनात कपिलक नावाच्या म्हाताऱ्या भिक्षूला सांगितली. तो वर्षावासानंतर आपल्या डोंगरातल्या जन्मगावी जाऊन आला होता. तिथले झरे आटलेले, शेते ओस पडलेली पाहून तो अन्न टाकून बसला होता. शास्ते म्हणाले, "कपिलका, आजच नव्हे, पूर्वीही तू त्या डोंगरासाठी असाच रडला होतास. त्या वेळचा रोहक तूच होतास. तिष्या म्हणजे आताची भिक्षुणी धीरमती. कुंभील अजूनही व्यापारातच आहे, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. आणि सार्थवाह गोमित्र म्हणजे मीच."

कपिलकाने डोळे पुसले, भिक्षापात्र उचलले आणि पुन्हा उत्तरेकडे जाण्याची अनुज्ञा मागितली.

देऊन निघून न जाता जी चुकत-शिकत सोबत राहते, त्या मैत्रीच्या पूर्णतेची, मैत्रीपारमितेची, ही कथा आहे.