ठकूबाईचा दगड

चपला तिकडे काढा, बाई. आणि मोजायला लागू नका, दुपार जाईल तुमची. मरीआईच्या या अंगणात दहा हजार चारशे तीन दगड आहेत. मी इथली गुरवीण, रोज झाडते, मला ठाऊक.

पूर्वी इकडे पटकीची साथ आली. घरंच्या घरं ओस पडली. तेव्हा बारा गावांचा देशमुख नवस बोलला म्हणे, की साथ हटली तर जगलेला प्रत्येक माणूस एकेक दगड आणील आणि चैत्री पुनवेला दिवस मावळायच्या आत देवीचं अंगण बांधून होईल. ओळी सगळ्या सारख्या. एक दगड उरायचा नाही, एक कमी पडायचा नाही. चुकलं तर साथ परत येईल.

साथ हटली, दगड आले. ओळ किती दगडांची धरायची हे काढायला केशंभट जोशी बसला. दोननं भागलं, एक उरला. तीननं भागलं, दोन उरले. असं करत तीन दिवसांनी शंभरापर्यंत पोचला, तरी काहीतरी उरायचंच. शंभरावर मेल्यानं पाटी पुसली! म्हणाला, "हा आकडा फुटत नाही. एक दगड कमी असता, तर चौदा-चौदाच्या ओळी चोख लागल्या असत्या."

पण प्रत्येक दगडामागं एक जिवंत माणूस होतं. दगड कमी करायचा म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. पुनवेची सकाळ, आणि एवढी माणसं खाली मान घालून उभी. देशमुखसुद्धा.

दगड बसवायचं काम रखमाजी पाथरवटाकडं होतं. तो पहारी आणायला खाणीवर गेला होता. त्याची बायको ठकूबाई इथंच होती. तिची तिन्ही पोरं साथीत गेलेली. ती पुढं आली आणि म्हणाली, "माझा दगड काढा. तुमची पोरं तरी जगू द्या." कुणी हात धरला नाही हो तिचा! त्या समोरच्या विहिरीत तिनं उडी घेतली.

रखमाजी आला, ऊर बडवून रडला. लोक तिचा दगड उचलायला गेले, तर त्यानं पहार उगारली. "बायको नेलीत, दगड नेऊ देणार नाही!" म्हणाला आणि रागारागानं मांडत सुटला. ओळीत शंभर झाले, त्यापुढं त्यानं तिचा ठेवला. एकशेएक. मग प्रत्येक ओळ तेवढीच केली. लोक मुकाट दगड पुरवत होते. दिवस मावळताना एकशेतीन ओळी पुऱ्या झाल्या. एक दगड उरला नाही, एक कमी पडला नाही.

केशंभटानं आणखी एकदाच भागून पाहिलं असतं, तर बाई जगली असती. त्याला कुणी बोललं नाही म्हणे. बोलणार कोण?

आजही आमच्या पंचांचा निकाल लगेच लागू होत नाही. आधी गावातली एक बाई उठून विचारते, "शंभरावर थांबला नाहीत ना?" मग पंचांना सगळं पुन्हा पाहावं लागतं. त्यांना राग येतो. येऊ दे. ठकूबाईच्या वेळी कुणीच उठलं नव्हतं.