शेवंता राणीची सोनसळी

एक होता राजा. राजाचं राहू दे, गोष्ट आहे त्याच्या राणीची, शेवंताची. घरात कशाची कमी नव्हती, पण मूल नव्हतं. कुणीतरी "आई" म्हणावं म्हणून तिचे कान आसुसलेले. ए नलू, पाय आत घे आणि ऐक.

एकदा काय झालं, राणी तळ्यावर गेली. पाण्यात हात घातला, तर ओंजळीत आली बोटभर मासोळी. पिवळीधमक! आणि चक्क बोलायला लागली, बरं का. "राणी राणी, मला घरी ने, नीट वाढव. मी ओंजळभर झाले की तुला आई म्हणेन."

राणीला आभाळ ठेंगणं झालं. तिनं मासोळीचं नाव ठेवलं सोनसळी. एक काचेचं भांडं आणलं आणि तिला ठेवलं आपल्या उशाशी.

मग काय, लाडच लाड! सकाळी पोळीचा चुरा, दुपारी भाताची शितं, संध्याकाळी रवा. सोनसळी म्हणाली, "पुरे गं राणी. मला चिमूटभर बास." पण राणी ऐकते कसली! "अगं, एवढासा तर घास! खाल्ल्याशिवाय मोठी कशी होशील?" तुमची आत्या नाही का, ताटावर हात आडवा धरला तरी वाढते? अगदी तश्शी.

उरलेलं अन्न कुजलं, पाणी गढूळ झालं. राणीला ते कसलं खपतंय! तिनं सगळं पाणी ओतून दिलं, भांडं घासूनपुसून लख्ख केलं, विहिरीचं गारेगार पाणी भरलं. सोनसळी काकडली. म्हणाली, "राणी, सगळं नको गं बदलूस. थोडं काढ, थोडं घाल." राणी म्हणाली, "इश्श! माझ्या लेकराला घाणीत ठेवू होय?" आणि रोज तेच.

मग सोनसळी म्हणाली, "राणी, मला मोठं घर दे. इथं वळायला जागा नाही, वाढू कुठं?" राणीला वाटलं, मोठं घर म्हणजे अंगणात. मग कूस बदलली की ही दिसणार कशी? "देईन हं," ती म्हणाली. "आधी थोडी मोठी तर हो."

अति तिथं माती, बाळांनो. सोनसळी वाढलीच नाही. रंग उडाला. मग बोलणंही थांबलं.

तेव्हा कुठं राणी घाबरली. काचेचा भला मोठा हौद करवला, तळ्यातली पाणवेल लावली, सोनसळीला अलगद सोडलं. सोनसळीनं सगळ्या हौदाला एक फेरी मारली, अगदी ऐसपैस. राणी काठाशी वाकून बसली, आता म्हणेल, आता म्हणेल. पण सोनसळी हळूहळू तळाशी गेली, ती पुन्हा उठलीच नाही.

राणी ऊर बडवून रडली. "मी काय कमी केलं हो तिला?"

राजा म्हणाला, "कमी काहीच नाही केलंस. माया केलीस, पण तिचं ऐकलं नाहीस." राणीला ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

पुढं राजानं तळ्यातून आणखी मासोळ्या आणल्या. आता राणी चिमूटभरच खाऊ घालायची. पाणी थोडं काढायची, थोडं घालायची. मासोळ्या वाढल्या की हो, चांगल्या वीतभर! पण त्यांतली एकही बोलकी नव्हती. राणी रोज सकाळी हौदाशी जायची, विचारायची, "बाळांनो, आणखी काही हवंय का गं?" आणि उत्तराची वाट बघत बसायची.

तर मासोळ्या हौदात सुखी, राजा महालात सुखी. राणीसुद्धा सुखी, आपली जराशी कमी. नलू, रडतेस काय वेडे? ये, माझ्या कुशीत ये. मिटा रे सगळ्यांनी डोळे.