वाळलेला ठसा, ओली वाळू

एका जंगलात, ओढ्याच्या काठाला, एक टिटवी राहत असे, आणि त्या दुपारी तिच्या पायांना वाळू ओली लागली. अगदी थोडी. पण ती वाळू बांधाच्या खालच्या अंगाची होती. तिथं उन्हाळाभर कोरडं असायचं, म्हणूनच तर तिनं तिथल्या गोट्यांत चार अंडी घातली होती. टिटवी दचकली. तसं दचकणं हा तिचा स्वभावच होता. पान पडलं तरी ती ओरडे, आणि मग आपण उगाच ओरडलो म्हणून दिवसभर खजील होऊन बसे. म्हणून या वेळी ती आधी गप्प राहिली. अंड्यांभोवती एक फेरी मारली, पुन्हा पाय टेकवून पाहिला. ओलंच.

मुलांनो, तो बांध कसा बांधत ते सांगायला हवं, कारण तशी कामं आता होत नाहीत. थंडी सरली की ओढ्याचं पाणी अडवायचं, म्हणजे उन्हाळ्यात साऱ्या जंगलाला प्यायला पुरे. पद्धत म्हाताऱ्या कासवानं घालून दिलेली. आधी वानरानं झाडावरून जागा हेरायची. मग साळिंदरानं पाया खणायचा. मग रानडुकरानं माती टाकून ती तुडवायची. तोवर ओढा शेजारच्या चरातून वाहत राही. शेवटी चर बुजवून सगळं पाणी बांधाला लावायचं, आणि पाणी भरलं की टिटवीनं बांधावरून चालत जाऊन ‘ठीक आहे’ अशी हाळी द्यायची. ज्याचं काम संपे तो ओल्या चिखलात आपला पंजा उमटवी. ठसा वाळला की काम पक्कं. मग त्यात कुणी ढवळाढवळ करायची नाही. ठशाच्या दिवशी सगळे जमत, उंबरं खात, आणि कासव ठशाजवळ जाऊन मान डोलवी. किती निवांत दिवस होते ते! कुणी कुणाच्या पायात येत नसे. आपली पाळी कधी, हे ज्याला त्याला ठाऊक. तोवर खुशाल झोपावं. जंगलातल्या जुन्या जनावरांना ओल्या चिखलाचा आणि पिकल्या उंबरांचा तो वास अजून आठवतो.

त्या दिवशी फक्त चर बुजवायचा राहिला होता. बांधाला जेमतेम वीतभर पाणी टेकलं होतं. टिटवी धावतच साळिंदराकडे गेली.

“साळिंदरमामा, बांधाखाली ओल आलीय हो!”

“अगं, तुझी पाळी पाणी भरल्यावर. आत्ता कशाला उन्हात फिरतेस?”

“पाणी भरेपर्यंत माझी अंडी राहतील का मामा?”

साळिंदरानं इकडंतिकडं पाहिलं. त्याचा आवाज एकदम खाली आला. “कुणाला सांगू नकोस हं. पाया खणताना मला खेकड्यांची बिळं लागली होती. पार आरपार गेलेली. पण जागा ठरवली वानरानं, त्याचा ठसा वाळलेला. मी कोण बोलणारा?”

टिटवी चराकडे पळाली. तिथं रानडुक्कर मातीचा ढीग नाकानं लोटत होतं.

“दादा, थांबा! पायाखाली बिळं आहेत!”

“असतील. तुडवताना माती एका जागी सारखी खचत होती खरी,” ते वर न बघताच म्हणालं. “पण पाया साळिंदराचा. मी माझी माती नीट तुडवली, ठसाही दिला. सर बाजूला.”

वरच्या फांदीवरून वानर खिदळलं. “परवा ढगावर ओरडली, काल स्वतःच्या सावलीवर. आज कुणाची पाळी बाई?”

एरवी टिटवी लाजून झुडपात शिरली असती; तिला तसं वाटलंही. खरंच माझं काही चुकत असेल तर? पण ती परत अंड्यांपाशी गेली, आणि तिथं वाळूतून पाण्याची एक बारीक धार निघाली होती. धार गढूळ होती. म्हणजे पाणी आतून माती खात होतं. एका अंड्याची कड भिजली होती, आणि अंडी काही चोचीत धरून दुसरीकडे नेता येत नाहीत. वर चरात मातीचा पहिला ढीग धपकन पडला.

तेव्हा ती ओरडली. “कासवआजोबा! खाली बिळं आहेत! चर बुजवू देऊ नका!”

कासव पलीकडच्या काठावर, वानराच्या ठशाशेजारी मान आत घेऊन बसलं होतं. ते हललं नाही. दुसरा ढीग पडला. धार बोटाएवढी झाली.

“आजोबा, माझी पाळी नाही, ठाऊक आहे मला! पण पाणी माझ्या पाळीची वाट बघणार नाही हो! बांध गेला तर उन्हाळ्यात कुणालाच पाणी नाही!”

वानर खिदळायचं थांबलं. साळिंदर झुडपातून बाहेर आलं, आणि खाली मान घालून म्हणालं, “आजोबा, बिळं आहेत. मी पाहिलीत.” रानडुकराचं नाक तिसऱ्या ढिगावर तसंच टेकलेलं राहिलं.

टिटवीनं पंख पसरून अंड्यांवर आडोसा केला, आणि अंगात होतं नव्हतं तेवढ्या बळानं तिसऱ्यांदा हाक मारली. “आजोबाऽऽ!”

पाठीच्या ढालीतून एक सुरकुतलेली मान हळूहळू बाहेर आली. कासवानं टिटवीकडे पाहिलं, गढूळ धारेकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ त्या वाळलेल्या ठशाकडे पाहिलं. इतकी वर्षं ते ठशाला वळसा घालून जाई. आज त्यानं सरळ त्याच्यावर पाय ठेवला. वाळका चिखल कडकन तडकला.

“चर मोकळा कर रे,” ते रानडुकराला म्हणालं, आणि उतार उतरू लागलं. “आलो गं बाई, आलो. कुठं ओल लागतेय, ते आधी मला दाखव.”

तात्पर्य : काम पायरीपायरीनं जरूर करावं, पण चूक दिसताच मागच्या पायरीवर परतायला लाजू नये, आणि ज्याला ओल आधी कळते, त्याची पाळी शेवटी ठेवू नये.